पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटणारे गुरुदत्त

प्रत्येक घरात असा एखादा चित्रपट असतो, की ज्याची कथा सर्वांना पाठ असते, पुढचे दृश्य कोणते हे लहान मुलेही सांगू शकतात आणि तरीही तो लागला की हातातले काम बाजूला ठेवले जाते. कोणासाठी तो ‘संत तुकाराम’ असतो, कोणासाठी ‘मुगल-ए-आझम’, कोणासाठी ‘शोले’, तर कोणासाठी ‘अशी ही बनवाबनवी’. या यादीत ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ या गुरुदत्त यांच्या चित्रपटांचे स्थान थोडे वेगळे आहे. घटकाभर करमणूक व्हावी म्हणून ते कोणी लावत नाही. ते पाहून मन जड होते, हे ठाऊक असूनही रसिक त्यांच्याकडे परत जातात.

त्यातही ‘कागज के फूल’ची कथा विलक्षण आहे. आज ज्या चित्रपटाची पारायणे होतात, तो १९५९ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा बहुसंख्य प्रेक्षकांना एकदाही पाहावासा वाटला नव्हता. ज्याने तो घडवला त्याने ते अपयश अंतिम मानले आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून आपले नाव पडद्यावर कधीच येऊ दिले नाही. १० ऑक्टोबर १९६४ रोजी, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी गुरुदत्त यांनी जगाचा निरोप घेतला. प्रेक्षकांनी आपला निकाल बदलला खरा. पण तो ऐकायला ते राहिले नव्हते. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने त्यांचे चित्रपट दुरुस्त केलेल्या प्रतींमधून पुन्हा चित्रपटगृहांत झळकले आणि त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी जन्मलेल्या तरुणांनी ते पाहिले.

दिव्याच्या उजेडातील सावल्या

गुरुदत्त शिवशंकर पदुकोण यांचा जन्म ९ जुलै १९२५ रोजी बंगळूरमध्ये एका सारस्वत कुटुंबात झाला. घरची बोली कोकणी, आडनाव दक्षिण कन्नड किनाऱ्यावरचे आणि बालपण मात्र कोलकात्यातील भवानीपूरमध्ये गेलेले. ते बंगाली इतक्या सफाईने बोलत, की पुढे चित्रपटसृष्टीत अनेकजण ‘दत्त’ हे आडनाव समजून त्यांना बंगालीच मानत. वडील शिवशंकर नोकरदार होते. आई वासंती यांना वाचनलेखनाची आवड होती. त्या शिकवण्या करीत आणि बंगाली कथा-कादंबऱ्यांचे कन्नडमध्ये अनुवाद करीत. पाच भावंडांत गुरुदत्त थोरले. त्यांच्या पाठची एकुलती बहीण म्हणजे पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आलेल्या ललिता लाजमी. दिग्दर्शक श्याम बेनेगल हेही त्यांच्या नात्यातले.

घरच्यांनी सांगितलेल्या आठवणींत एक आठवण वारंवार येते. तिन्हीसांजेला आजी दिवा लावीत असे, तेव्हा लहानगा गुरुदत्त त्या उजेडात हाताची बोटे धरून भिंतीवर सावल्यांची चित्रे नाचवत असे. थोर माणसांच्या बालपणातील अशा कथा पुष्कळदा मागाहून रंगवल्या जातात. पण ज्याने त्यांच्या चित्रपटांतील उजेड आणि अंधार पाहिला आहे, त्याला ही आठवण खोटी वाटत नाही.

घरची परिस्थिती बेताची असल्याने मॅट्रिकनंतर महाविद्यालयात जाणे शक्य झाले नाही. मात्र नृत्याची ओढ होती. १९४२ मध्ये ते अल्मोड्याला उदयशंकर यांच्या कलाकेंद्रात दाखल झाले. केवळ नृत्याच्या पायऱ्या गिरवण्याची ती जागा नव्हती. संगीत, वेशभूषा, प्रकाशयोजना, समूहाची रचना या साऱ्यांचा मेळ कसा घालायचा, याचे ते विद्यापीठ होते. गुरुदत्त यांच्या चित्रपटांत माणसे ज्या लयीने चालतात, थांबतात आणि वळतात, तिचे मूळ या दोन वर्षांत सापडते. महायुद्धाच्या काळात १९४४ मध्ये केंद्र बंद पडले. तरुण गुरुदत्त कोलकात्यात लीव्हर ब्रदर्सच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करू लागले. त्या कामात त्यांचे मन रमणे शक्यच नव्हते.

पुण्यातील ‘प्रभात’

त्याच वर्षी एका नातेवाइकाने त्यांना पुण्याला आणले आणि ‘प्रभात फिल्म कंपनी’त तीन वर्षांच्या करारावर नोकरी मिळवून दिली. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यात आलेली ‘प्रभात’ ही तोवर भारतीय चित्रपटसृष्टीतील एक मातब्बर संस्था झाली होती. व्ही. शांताराम १९४२ मध्येच तेथून बाहेर पडले होते आणि कंपनीचा वैभवकाळ ओसरू लागला होता. तरीही शिकू पाहणाऱ्या मुलाला तेथे शिकण्यासारखे पुष्कळ होते.

‘रणांगण’ कादंबरीचे लेखक विश्राम बेडेकर यांनी १९४५ मध्ये ‘लाखारानी’ दिग्दर्शित केला, त्यात गुरुदत्त साहाय्यक होते आणि एक लहानशी भूमिकाही त्यांनी केली. १९४६ च्या ‘हम एक हैं’मध्ये त्यांनी नृत्यदिग्दर्शन केले. या चित्रपटाचा नायक नवखा होता. त्याचे नाव देव आनंद. धोब्याने दोघांच्या सदऱ्यांची अदलाबदल केली आणि त्यातून ओळख झाली, ही हकिकत देव आनंद यांनी आयुष्यभर रंगवून सांगितली. दोघांनी एकमेकांना एक शब्दही दिला. देव आनंद निर्माता झाले तर दिग्दर्शन गुरुदत्त यांच्याकडे, आणि गुरुदत्त यांना चित्रपट काढण्याची संधी मिळाली तर नायक देव आनंद. तारुण्यात असे शब्द पुष्कळ दिले जातात. हा मात्र पाळला गेला. अभिनेते रहमान यांच्याशी त्यांची मैत्री जडली तीही ‘प्रभात’मध्येच.

करार संपल्यावर १९४७ मध्ये ते मुंबईत आले आणि काही महिने घरी बसून काढावे लागले. माटुंग्याच्या घरात कुटुंबासह राहत असताना त्यांनी इंग्रजीत कथा लिहून पाहिल्या. याच काळात त्यांनी एका अस्वस्थ कलावंताची कथा लिहिली आणि तिला ‘कशमकश’ असे नाव दिले. तीच दहा वर्षांनी ‘प्यासा’ झाली. पुढे अमिय चक्रवर्ती आणि ‘बॉम्बे टॉकीज’मध्ये ज्ञान मुखर्जी यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले.

यशाची पाच वर्षे

देव आनंद यांनी ‘नवकेतन’ ही संस्था काढली आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे १९५१ चा ‘बाजी’ गुरुदत्त यांच्या हाती सोपवला. पटकथा बलराज साहनी यांची, गीते साहिर लुधियानवी यांची आणि संगीत सचिनदेव बर्मन यांचे. शहर, जुगाराचा अड्डा, रात्र आणि गुन्हेगारी यांचे हे चित्रण प्रेक्षकांना आवडले. अवघे २६ वर्षांचे गुरुदत्त दिग्दर्शक म्हणून प्रस्थापित झाले.

‘बाजी’ने त्यांना यशाखेरीज तीन माणसे दिली. पहिल्या गायिका गीता रॉय. ध्वनिमुद्रणाच्या निमित्ताने ओळख झाली आणि २६ मे १९५३ रोजी दोघांचा विवाह झाला. दुसरे छायाचित्रणकार व्ही. के. मूर्ती. ‘बाजी’त ते साहाय्यक होते, त्यांनी सुचवलेली एक अवघड चौकट पाहून गुरुदत्त यांनी पुढच्या चित्रपटापासून कॅमेरा त्यांच्याच हाती दिला. तिसरे बेस्टच्या बसमध्ये वाहक असलेले बदरुद्दीन काझी. बलराज साहनी यांच्या सांगण्यावरून त्यांनी दारूच्या थेंबालाही न शिवता दारुड्याची अशी हुबेहूब नक्कल केली, की गुरुदत्त यांनी त्यांचे नावच जॉनी वॉकर ठेवले. पुढे लेखक अब्रार अल्वी येऊन मिळाले आणि गुरुदत्त यांचा चमू पूर्ण झाला. ही माणसे त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाहीत.

गोव्यातील कोळ्यांच्या जीवनाच्या पार्श्वभूमीवरचा ‘जाल’ १९५२ मध्ये आला. १९५३ च्या ‘बाज’मध्ये ते स्वतः नायक झाले, तो चित्रपट पडला. मात्र १९५४ चा ‘आरपार’ आणि १९५५ चा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ यांनी त्यांना पुन्हा वर आणले. ‘आरपार’मधील टॅक्सीचालक, गॅरेजवाला, पोऱ्या ही माणसे आपापल्या बोलीत बोलतात. नाटकी संवादांची सवय असलेल्या काळात हा मोठा बदल होता. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’चा नायक व्यंगचित्रकार आहे आणि पडद्यावर व्यंगचित्र रेखाटणारा हात आर. के. लक्ष्मण यांचा आहे. मधुबालाचा खट्याळपणा, ओ. पी. नय्यर यांचे संगीत आणि जॉनी वॉकरची धमाल यांमुळे तो आजही आनंद देतो. अर्थात घटस्फोटाचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांची त्यात केलेली टवाळी आजच्या प्रेक्षकाला खटकते. जुना चित्रपट पुन्हा पाहताना त्याचे गुण जसे नव्याने दिसतात, तशा त्याच्या मर्यादाही दिसतात.

१९५६ चा ‘सीआयडी’ त्यांनी निर्माण केला आणि दिग्दर्शन आपले साहाय्यक राज खोसला यांच्याकडे दिले. नायक अर्थातच देव आनंद. हैदराबादेत एका तेलुगू चित्रपटातील नृत्यामुळे नजरेस आलेल्या वहिदा रहमान यांचे हिंदीतील पदार्पण याच चित्रपटातून झाले. ‘सीआयडी’ तुफान चालला. हाती पैसा आला, संस्था स्थिरावली आणि दहा वर्षे जपून ठेवलेली ‘कशमकश’ची वही उघडण्याची वेळ आली.

‘प्यासा’चे यश

फेब्रुवारी १९५७ मध्ये ‘प्यासा’ प्रदर्शित झाला. विजय या कवीच्या भूमिकेसाठी गुरुदत्त यांच्या मनात दिलीपकुमार होते. ते आले नाहीत आणि अखेर गुरुदत्त स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. विजयच्या कविता कोणी छापत नाही. भाऊ त्या रद्दीत विकतात. त्या रद्दीतून कविता विकत घेते ती गुलाबो ही वेश्या, आणि तीच त्यांची पहिली खरी वाचक ठरते. विजय मेला अशा समजुतीने पुस्तक निघते आणि कालपर्यंत त्याला दारात उभे न करणारे लोक त्याच्या स्मृतिसभेला गर्दी करतात. त्या सभागृहाच्या दारात प्रकाशाकडे पाठ करून, दोन्ही बाजूंना हात पसरून उभी राहिलेली विजयची आकृती हे भारतीय चित्रपटातील सर्वाधिक स्मरणात राहिलेल्या दृश्यांपैकी एक आहे.

गुरुदत्त यांच्याविषयी बोलताना एक गैरसमज नेहमी डोकावतो. हयातीत न कळलेला, उपेक्षेत मेलेला कलावंत अशी त्यांची प्रतिमा रंगवली जाते. वस्तुस्थिती तशी नाही. ‘प्यासा’ व्यावसायिकदृष्ट्या यशस्वी झाला होता. ‘बाजी’, ‘आरपार’, ‘सीआयडी’ यांनाही प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले होते. प्रेक्षकाची नाडी त्यांना अचूक सापडली होती. म्हणूनच ती एकदा चुकली तेव्हा बसलेला धक्का त्यांना सोसवला नाही.

त्यांची काम करण्याची पद्धत निर्मात्यांच्या हिशेबात न बसणारी होती. ते एकाच दृश्याचे पुन्हा पुन्हा चित्रण करीत. मनासारखे उतरले नाही तर तयार झालेले भागही बाद करून टाकीत. चेहरा जवळून टिपताना त्यांना ७५ आणि १०० मिलिमीटरची भिंगे हवी असत. त्यामुळे मागचे जग धूसर होई आणि डोळे तेवढे बोलत. गाणी ही कथेतील विश्रांती नसून कथेचाच भाग असली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. पुष्कळदा आधीचे वाद्यसंगीत गाळून ते संवादातून थेट गाण्यात शिरत, त्यामुळे पात्र बोलता बोलता गाऊ लागले असे वाटे. रसिक हे चित्रपट पुन्हा का पाहतात, याचे एक उत्तर येथे आहे. पहिल्या वेळी आपण कथेच्या मागे धावतो. दुसऱ्या वेळी कथा ठाऊक असते, म्हणून भिंतीवर हलणारी सावली, गाण्याच्या वेळी मागे उभा असलेला नोकर किंवा एखाद्या वाक्यानंतरची शांतता दिसू लागते. गुरुदत्त यांनी या गोष्टींवर मेहनत घेतलेली असल्यामुळे दुसऱ्यांदा पाहणाऱ्याच्या हाती काही नवे लागते.

कागदाची फुले

‘प्यासा’च्या यशानंतर त्यांनी भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट काढायचे ठरवले. कथा चित्रपटसृष्टीचीच होती. सुरेश सिन्हा हा नामांकित दिग्दर्शक. पत्नीशी दुरावा, मुलीची ताटातूट, चुकून कॅमेऱ्यासमोर आलेल्या एका साध्या तरुणीतून घडवलेली अभिनेत्री आणि मग हळूहळू ढासळत गेलेले नशीब. अखेर म्हातारा, विपन्न सुरेश त्याच स्टुडिओत रात्री येतो आणि दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसून प्राण सोडतो. सकाळी चित्रीकरणासाठी लोक येतात, प्रेत बाजूला करण्याचा हुकूम सुटतो आणि दिवे लागतात.

पडद्याचा आडवा विस्तार हाती येताच दिग्दर्शक साधारणपणे तो लढाया, मिरवणुका आणि देखाव्यांनी भरतात. गुरुदत्त यांनी तो रिकामा ठेवला. एवढ्या मोठ्या स्टुडिओत दोनच माणसे, दोन टोकांना उभी. त्यांच्या मधली मोकळी जागा हाच या चित्रपटाचा विषय होता. मूर्ती यांनी आरशांवरून सूर्यप्रकाश परावर्तित करून स्टुडिओत आणला आणि छतापासून जमिनीपर्यंत उतरणारा प्रकाशाचा एक जाड झोत उभा केला. त्यात धुळीचे कण तरंगत राहतात आणि दोन माणसे न बोलता एकमेकांकडे येतात. गीते कैफी आझमी यांची, संगीत सचिनदेव बर्मन यांचे आणि आवाज गीता दत्त यांचा. या छायाचित्रणासाठी मूर्ती यांना आणि कलादिग्दर्शनासाठी एम. आर. आचरेकर या मराठी चित्रकाराला ‘फिल्मफेअर’ पुरस्कार मिळाला.

प्रेक्षक मात्र आले नाहीत. एका श्रीमंत, यशस्वी दिग्दर्शकाच्या दुःखाशी त्या वेळच्या सामान्य माणसाचे नाते जुळले नाही. ‘प्यासा’तील विजयची भूक आणि बेकारी त्याला समजत होती, सुरेश सिन्हाचे एकटेपण समजले नाही. चित्रपट संथ आणि उदास वाटला. शिवाय सिनेमास्कोप दाखवण्याची सोय तेव्हा थोड्याच चित्रगृहांत होती. मोठे आर्थिक नुकसान झाले; पण त्याहून मोठा आघात मनावर झाला. यापुढे त्यांच्या संस्थेच्या कोणत्याही चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्त हे नाव लागले नाही.

येथे मनात एक प्रश्न उभा राहतो. चित्रपटाच्या धंद्यात निकाल पहिल्या आठवड्यात लागतो. वितरक, चित्रगृहाचा मालक, सावकार सारे त्या आठवड्याकडे डोळे लावून असतात. कादंबरी कपाटात पडून वाचकाची वाट पाहू शकते, चित्र भिंतीवर राहते. १९५९ मध्ये चित्रपटाला तशी सोय नव्हती. गल्ल्यावरून उतरला की डबे गोदामात जात आणि तो पुन्हा पाहायचा म्हटले तरी पाहता येत नसे. ‘कागज के फूल’ हा पुन्हा पाहण्याचा चित्रपट होता आणि तो पुन्हा पाहण्याची साधने अजून यायची होती. त्याचा निर्माता मात्र पहिल्या आठवड्याच्या निकालाने खचला.

अखेरची वर्षे

तोटा भरून काढण्यासाठी त्यांनी लोकप्रिय वळणाचा ‘चौदहवीं का चाँद’ हाती घेतला. दिग्दर्शन एम. सादिक यांना दिले. लखनौच्या मुस्लिम घराण्यांच्या पार्श्वभूमीवरची ही प्रेमकथा १९६० मध्ये प्रचंड चालली आणि संस्था सावरली. त्यानंतर १९६२ मध्ये बिमल मित्र यांच्या कादंबरीवरील ‘साहिब बीबी और गुलाम’ आला. दिग्दर्शक म्हणून अब्रार अल्वी यांचे नाव आहे. त्यातील गाण्यांचे चित्रण गुरुदत्त यांनी केले. बंगालमधील जुन्या हवेलीत ऱ्हासाला लागलेले जमीनदार घराणे, पतीला थोपवण्यासाठी मद्याचा पेला हाती घेणारी छोटी बहू आणि हे सारे भाबड्या डोळ्यांनी पाहणारा भूतनाथ. मीनाकुमारी यांच्या कारकिर्दीतील ही सर्वश्रेष्ठ भूमिका मानली जाते. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री आणि छायाचित्रण असे चार ‘फिल्मफेअर’ पुरस्कार त्याला मिळाले. १९६३ च्या बर्लिन महोत्सवात तो दाखवला गेला आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणूनही पाठवला गेला.

या चित्रपटाच्या पहिल्या खेळाच्या वेळी घडलेली एक गोष्ट बोलकी आहे. बग्गीत छोटी बहू भूतनाथच्या मांडीवर डोके टेकवते, हे काही प्रेक्षकांना रुचले नाही. गुरुदत्त यांनी तो प्रसंग बदलला आणि तेथील गाणेही काढून टाकले. ‘कागज के फूल’च्या अपयशानंतर पहिल्या दिवशीचा प्रेक्षक त्यांच्या मनात किती खोल रुतून बसला होता, हे यावरून दिसते.

यानंतर दुसऱ्यांच्या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. ‘भरोसा’, ‘बहूरानी’, ‘सुहागन’ आणि हृषीकेश मुखर्जी यांचा ‘साँझ और सवेरा’ ही नावे आज फारशी कोणाच्या ओठावर नाहीत. स्वतःच्या मनातील अनेक कामे त्यांनी अर्ध्यावर सोडली. गीता दत्त यांना नायिका म्हणून घेऊन सुरू केलेला बंगाली ‘गौरी’ बंद पडला, ‘राज’ हा रहस्यपटही पुरा झाला नाही. के. आसिफ यांच्या ‘लव्ह अँड गॉड’मध्ये ते मजनूची भूमिका करीत होते, ती पुढे संजीवकुमार यांनी केली आणि तो चित्रपट १९८६ मध्ये पडद्यावर आला. ‘बहारें फिर भी आएंगी’मध्ये त्यांच्या जागी धर्मेंद्र आले.

दरम्यान संसारात तेढ निर्माण झाली होती, झोप उडाली होती, मद्य आणि झोपेच्या गोळ्यांचा आधार वाढला होता. याआधी दोनदा त्यांनी आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला होता. १० ऑक्टोबर १९६४ च्या सकाळी पेडर रोडवरील सदनिकेत ते मृतावस्थेत आढळले. मद्य आणि गोळ्या यांमुळे मृत्यू ओढवला होता. तो अपघात होता की हेतुपुरस्सर केलेली कृती, यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या खासगी जीवनाविषयी तर त्याहून अधिक. त्यात भर घालण्याचे प्रयोजन नाही. मागे दोन मुलगे, एक लहान मुलगी आणि गीता दत्त राहिल्या. गीता दत्त यांचेही १९७२ मध्ये वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी निधन झाले. निराशेत सापडलेल्या माणसाला त्या काळी वेळेवर उपचार आणि मोकळेपणाने बोलायला जागा मिळणे किती दुर्मीळ होते, एवढी नोंद मात्र करायला हवी. त्यांच्या वेदनेला कलेची किंमत म्हणून गौरवणे हा त्यांच्यावर अन्यायच ठरेल.

दुसरे आयुष्य

त्यांच्या निधनानंतर ‘कागज के फूल’ हळूहळू परत येऊ लागला. फिल्म सोसायट्यांतून आणि सकाळच्या खेळांतून नव्या पिढीने तो पाहिला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि ‘छायागीत’मधून त्यांची गाणी घराघरांत पोहोचली. पुढे व्हिडिओ कॅसेट आल्या, मग चकत्या आल्या, आता तर हातातल्या फोनवरही हे चित्रपट पाहता येतात. १९८० च्या दशकात युरोपातील रसिकांनी त्यांची दखल घेतली. १९८९ मध्ये नसरीन मुन्नी कबीर यांनी ब्रिटनमधील चॅनल फोरसाठी त्यांच्यावर माहितीपट केला. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले आणि २००५ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने जगातील शंभर श्रेष्ठ चित्रपटांच्या यादीत ‘प्यासा’चा समावेश केला.

दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, गुरुदत्त गेल्यानंतर पाच वर्षांनी. तो पुढे देव आनंद यांना २००२ सालासाठी, व्ही. के. मूर्ती यांना २००८ सालासाठी आणि वहिदा रहमान यांना २०२१ सालासाठी मिळाला. हा मान मिळालेले मूर्ती हे पहिले छायाचित्रणकार. ज्यांना गुरुदत्त यांनी हाताशी धरले, ती माणसे दीर्घकाळ काम करून सन्मानाच्या त्या पायरीपर्यंत पोहोचली. ज्याने त्यांना एकत्र आणले, तो चाळिशीही न पाहता गेला.

रसिकांच्या आवडीचाही या निमित्ताने विचार करायला हवा. विशीत ‘प्यासा’ पाहणारा तरुण विजयच्या बाजूने जगावर संतापतो. चाळिशीत तोच चित्रपट पाहताना त्याला विजयला सोडून सुखवस्तू प्रकाशकाशी लग्न करणाऱ्या मीनाचीही अडचण कळू लागते. साठीत त्याचे लक्ष घराबाहेर काढलेल्या मुलासाठी झुरणाऱ्या आईकडे जाते. पडद्यावरील चित्रपट तोच राहतो. पाहणारा बदललेला असतो. ‘कागज के फूल’च्या बाबतीत साऱ्या समाजाचेच असे झाले. १९५९ च्या प्रेक्षकाला परके वाटलेले यशस्वी माणसाचे एकटेपण, गर्दीच्या शहरात आणि दुभंगलेल्या घरांत राहणाऱ्या पुढच्या पिढ्यांना ओळखीचे वाटले.

पुण्यातील ‘प्रभात’ १९५३ मध्ये बंद पडली. तिच्याच जागेवर १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि १९६४ मध्ये, गुरुदत्त यांच्या मृत्यूच्या वर्षी, पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. जुने चित्रपट जपावेत, ते पुन्हा पाहावेत आणि त्यांपासून शिकावे, ही व्यवस्था देशात प्रथमच आकाराला येत होती. १९ वर्षांचा एक होतकरू नृत्यदिग्दर्शक ज्या आवारात दिवसभर वावरला, तेथेच पुढे चित्रपट शिकणाऱ्या पिढ्या त्याच्या चौकटी पुन्हा पुन्हा पाहून उजेड कसा वापरावा हे शिकत आल्या आहेत. ‘कागज के फूल’मधील दिग्दर्शकाची ती खुर्ची सकाळच्या कामासाठी घाईने मोकळी केली जाते. प्रेक्षक मात्र साठ वर्षांहून अधिक काळ तिच्यासमोर परत येऊन बसत आहेत.